टारफुला आणि ज्वारीच्या मुळांची हाक

पावसाळा सरत आला की ज्वारीच्या रानात कधी कधी ताटांच्या बुडाशी वीतभर उंचीची, खरखरीत अरुंद पानांची आणि इवल्याशा पांढऱ्या फुलांची रोपे दिसतात. नवख्या माणसाला ती रानफुले वाटतील. शेतकरी मात्र ती पाहून कपाळाला हात लावतो, कारण हा टारफुला असतो. तो उगवतो तिथली ज्वारी खुजी राहते, तिची पाने पिवळी पडतात, जमिनीत ओल असूनही ती उन्हाने मलूल झाल्यासारखी दिसते आणि कणीस भरत नाही. गेल्या काही वर्षांत पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या फडातही टारफुल्याची तक्रार ऐकू येते.

परोपजीवी वनस्पतींची उदाहरणे म्हणून आपण वर्गात बांडगूळ आणि अमरवेल सांगतो. आंब्याच्या फांदीवर बसलेले बांडगूळ किंवा कुंपणावर पसरलेली पिवळी अमरवेल मुलांना दाखवता येते. टारफुल्याची चोरी मात्र जमिनीखाली चालते. त्याचे मूळ ज्वारीच्या मुळाला चिकटते, तिथे एक शोषकांग तयार होते आणि ते ज्वारीच्या मुळात शिरून तिच्या जलवाहिन्यांना जाऊन मिळते. पाणी, क्षार आणि अन्न हे तिन्ही तिथून ओढले जाते. टारफुल्याचे रोप पहिले काही आठवडे जमिनीखालीच वाढते. ते वर येऊन हिरवे होते आणि शेतकऱ्याला दिसते, तोवर पिकाचे बरेचसे नुकसान होऊन गेलेले असते. म्हणजे खुरपणी करून पुढच्या वर्षीचे बी रोखता येते, पण या वर्षीचे पीक वाचत नाही.

तेव्हा सरळ विचार असा सुचतो, की टारफुल्याला दाद न देणारी ज्वारीच पेरावी. हा विचार काही नवा नाही, त्याला शंभर वर्षे होत आली. तरीही त्याला भरवशाचे फळ यायला विसाव्या शतकाचे अखेरचे दशक उजाडावे लागले. इतका वेळ का लागला, आणि शेवटी कोणत्या युक्तीने गाठ सुटली, हे पाहण्यासारखे आहे.

बी, जे वाट पाहते

आधी शत्रूची ओळख करून घेऊ. टारफुल्याच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव स्ट्रायगा. आपल्याकडे मुख्यतः आढळते ती स्ट्रायगा एशियाटिका. आफ्रिकेत तिच्या जोडीला, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेच्या पट्ट्यात, गुलाबी-जांभळ्या फुलांची आणि अधिक आडदांड अशी स्ट्रायगा हर्मॉन्थिका आहे. ज्वारी, मका, बाजरी, नाचणी, भात अशी बहुतेक गरिबांची धान्ये यांच्या तडाख्यात सापडतात. इंग्रजीत या तणाला ‘चेटकिणीचे तण’ अशा अर्थाचे नाव आहे. काहीही न करता पीक वाळते, तेव्हा कोणी करणी केली असे वाटणे साहजिकच आहे.

टारफुल्याचे बी मिलिमीटरच्या चौथ्या हिश्श्याएवढे, म्हणजे धुळीच्या कणासारखे असते. एका रोपाला असे पन्नास हजार आणि त्याहूनही जास्त बी येते. इतक्या बारीक बियांत साठवलेले अन्न ते किती असणार? कोंब फुटल्यावर तीन-चार दिवसांत यजमान मूळ सापडले नाही, तर तो कोंब मरतो. म्हणून हे बी उगवण्याची घाई करत नाही. ते जमिनीत दहा वर्षे आणि त्याहून जास्त काळ जिवंत पडून राहू शकते.

विद्यार्थिदशेत आम्ही एकदा हे बी ओल्या टिपकागदावर ठेवले होते. आठ दिवस गेले, दहा गेले, काही हालचाल नाही. बी मेलेले समजून आम्ही ते टाकून देणार होतो. आमच्या गुरुजींनी सांगितले, “टाकू नका, शेजारी ज्वारीचे कोवळे मूळ ठेवून पाहा.” दोन दिवसांनी भिंगाखाली पाहिले, तर मुळाच्या जवळच्या बियांना केसासारखे पांढरे कोंब फुटले होते. लांबच्या बिया जशाच्या तशा होत्या. पाणी, हवा आणि ऊब मिळाली की बी रुजते, असे आपण शिकवतो. या बियाला त्याशिवाय आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे यजमान जवळ असल्याची खूण. ही खूण ज्वारीचे मूळ स्वतःच देते. आपल्या कथेचे मर्म इथे आहे.

नजरेने निवडलेले वाण

दक्षिण आफ्रिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मक्याची शेती वाढली, तसा या तणाचा उपद्रव सरकारदरबारी नोंदला जाऊ लागला. तिथली स्ट्रायगा एशियाटिका लाल फुलांची असल्यामुळे डच वंशाचे शेतकरी तिला ‘लाल फूल’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत. केपटाऊनजवळच्या कर्स्टनबॉश या प्रसिद्ध वनस्पती उद्यानाचे संस्थापक हॅरॉल्ड पिअर्सन यांनी १९१२-१३ च्या सुमारास या तणाचा अभ्यास करून अहवाल लिहिले. त्यानंतर ए. आर. सॉन्डर्स यांनी अनेक वर्षे काम करून १९३३ साली सविस्तर शोधनिबंध प्रसिद्ध केला. सॉन्डर्स यांनी ज्वारीचे वेगवेगळे वाण तणग्रस्त जमिनीत पेरून पाहिले, तेव्हा सगळे वाण सारखे बळी पडत नाहीत असे दिसले. अशा निवडीतून पुढे आलेला त्यांचा ‘रेडार’ हा वाण टारफुल्याला प्रतिकार करणाऱ्या सुरुवातीच्या वाणांत गणला जातो.

आपल्याकडेही याच काळात असे प्रयत्न चालू होते. पुण्यात मुंबई सरकारच्या सेवेत असलेले वनस्पतिशास्त्रज्ञ एल. एस. एस. कुमार यांनी १९४० साली ‘इंडियन फार्मिंग’ मासिकात स्ट्रायगावर लेख लिहिला. पुढच्याच वर्षी त्यांनी व सॉलोमन यांनी पिकांच्या मुळांवर जगणाऱ्या सपुष्प वनस्पती आणि त्यांचे यजमान यांची यादी प्रसिद्ध केली. तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील ‘बिलिचिगन’ या ज्वारीची नोंद प्रतिकारक वाण म्हणून झाली. पूर्व आफ्रिकेत ह्यू डॉगेट यांनी ‘डॉब्ज’ नावाचा वाण स्ट्रायगाच्या रानात इतरांपेक्षा बरा तग धरतो असे दाखवले. त्यांचा निबंध १९६५ चा आहे.

या सगळ्यांची पद्धत एकच होती. तणग्रस्त रानात वाण पेरायचे आणि कोणत्या वाणाखाली टारफुला कमी उगवतो ते मोजायचे. पद्धत सरळ होती, पण तिच्यात तीन अडचणी दडलेल्या होत्या.

पहिली अडचण रानाची. टारफुल्याचे बी जमिनीत सारखे पसरलेले नसते. एका वाफ्यात लाखो बिया, तर शेजारच्या वाफ्यात मोजक्या. एखाद्या वाणाखाली तण कमी दिसले, तर तो गुण वाणाचा की तिथे बीच नव्हते, हे कसे ठरवणार?

दुसरी अडचण जागेची. भारतात टिकलेला वाण आफ्रिकेत टिकेलच असे नाही. स्ट्रायगा हर्मॉन्थिकाचे परागण एका रोपाकडून दुसऱ्या रोपाकडे होते, त्यामुळे तिच्या रोपारोपांत विविधता फार. अशा तणाच्या एका समूहावर काढलेला निष्कर्ष दुसऱ्या समूहाला लागू करणे धोक्याचे असते.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. ‘प्रतिकार’ हा एकच शब्द आपण वापरतो, पण तो एकच गुण आहे का? बी उगवले नाही म्हणून रोप वाचले, की उगवलेला कोंब मुळाला चिकटला नाही म्हणून, की चिकटला पण आत शिरू शकला नाही म्हणून? रानात दिसते ते फक्त अखेरचे उत्तर. त्याआधीच्या पायऱ्या सगळ्या मातीखाली.

प्रतिकारक म्हणून निवडलेले जुने वाण बहुधा उत्पन्नाला कमी किंवा दाण्याच्या प्रतीला हलके असत. त्यांचा गुण चांगल्या वाणात आणायचा, तर संकरानंतर पुढच्या पिढीतल्या शेकडो रोपांतून नेमके रोप निवडावे लागते. आणि रानावर भरवसा नाही! त्यामुळे काम पुढे सरकेना. दरम्यान १९६४ साली आपल्याकडे सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी आली. उत्पन्न भरघोस, पण टारफुल्यापुढे ती दुबळी ठरली. ती इतकी हमखास बळी पडे, की पुढे टारफुल्याच्या प्रयोगांत ‘बळी पडणारा वाण’ म्हणून तुलनेसाठी तीच पेरली जाऊ लागली.

एक विद्यार्थी, आणि कपाशीची मुळे

कथेला पुढचे वळण अमेरिकेत मिळाले. १९५६ साली उत्तर कॅरोलायना राज्यात मक्याची शेते कसल्याशा रोगाने वाळू लागली. रोगाचे कारण सापडेना. मक्याच्या बुडाशी उगवलेल्या लहान लाल फुलांच्या रोपांकडे कोणाचे लक्ष नव्हते. तिथे आलेल्या एका भारतीय विद्यार्थ्याने ती रोपे पाहून असले तण आपल्या देशात आहे असे सांगितले, आणि उलगडा झाला. हा प्रसंग अमेरिकेतील टारफुल्याच्या इतिहासात आवर्जून सांगितला जातो. ज्या तणाने आपल्या शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या छळले, त्याची ओळख तिथे अशी उपयोगी पडली.

अमेरिकेने तण पसरू नये म्हणून त्या भागाची नाकेबंदी केली आणि संशोधनासाठी हात सैल सोडला. ज्वारी व मक्याची मुळे बियांना जी खूण देतात ती काय आहे, हा प्रश्न प्रयोगशाळेत आला. मूळ काहीतरी रसायन सोडते हे आधीच्या प्रयोगांतून कळले होते, पण ते हाती लागत नव्हते. कारण त्याचे प्रमाण अत्यल्प आणि ते लवकर विघटन पावणारे. १९६६ साली कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते वेगळे केले. गंमत अशी, की ते मिळाले कपाशीच्या मुळांच्या स्रावातून. कपाशीवर टारफुला वाढत नाही, पण तिच्या मुळांच्या खुणेने त्याचे बी फसते आणि उगवून मरते. या द्रव्याला ‘स्ट्रायगॉल’ असे नाव मिळाले. दहा लाख लिटर पाण्यात सुमारे दहा मिलिग्रॅम मिसळले, तरी एवढ्याने निम्म्या बिया उगवतात, इतके ते प्रभावी होते. त्याच्या रेणूची रचना १९७२ साली कळली.

बी फसवून उगवायला लावायचे आणि यजमानाविना मरू द्यायचे, ही कल्पना अमेरिकेने मोठ्या प्रमाणावर वापरली. त्यासाठी महागडे स्ट्रायगॉल लागले नाही. फळे पिकवणारा साधा इथिलिन वायूही टारफुल्याचे बी उगवू शकतो हे लक्षात आले होते. यंत्राने जमिनीत इथिलिन सोडून, तणनाशके फवारून आणि शेत शेत तपासून दीड लाखाहून अधिक हेक्टरवर पसरलेले तण काही दशकांत जवळजवळ संपवण्यात आले.

पण हा उपाय कोणासाठी? ज्याच्याकडे बैलजोडी नाही, खताची गोणी परवडत नाही, त्या आफ्रिकेतील किंवा आपल्या कोरडवाहू भागातील शेतकऱ्याने इथिलिनचे नळकांडे कुठून आणायचे? त्याच्या हाती दरवर्षी नक्की असते ते बी. म्हणून उपाय बियातच असायला हवा होता.

पाटाच्या चौकटी आणि जाड भिंती

हैदराबादजवळ पटानचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेने कोरडवाहू पिकांचे काम हाती घेतले, त्यात टारफुलाही होता. तिथल्या शास्त्रज्ञांनी आधी रानाच्या बेभरवशीपणाला हात घातला. त्यांनी चाचणीचे तीन टप्पे ठरवले. शेवटच्या टप्प्यात वाफे बुद्धिबळाच्या पटासारखे मांडत. परीक्षेतल्या वाणाच्या चारही बाजूंना बळी पडणारा वाण पेरायचा. भोवतीच्या चारही वाफ्यांत टारफुला माजला आणि मधल्यात नाही, तरच मधल्या वाणाला शाबासकी. अकोल्यासारख्या ठिकाणच्या तणग्रस्त रानांत असे प्रयोग झाले. त्यातून ‘एसएआर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रतिकारक ओळी तयार झाल्या.

याच काळात मुळांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की ‘एन-१३’ या भारतीय ज्वारीच्या मुळात आतल्या थरांच्या पेशीभित्ती जाड असतात. टारफुल्याचा कोंब बाहेरून चिकटतो, पण त्याचे शोषकांग या भिंतीपाशी अडते. एन-१३ चे मूळ टारफुल्याला खूण देते, दारापर्यंत येऊ देते, पण आत घेत नाही. दुसरे काही वाण मात्र दाराशी येण्याआधीच तणाला चकवत होते, म्हणजे खूणच फार कमी देत होते. ‘प्रतिकार’ हा एक गुण नसून अनेक गुणांची मोळी आहे, हे आता डोळ्यांनी दिसले. मोळी एकदम उचलता येत नसेल, तर एकेक काडी वेगळी काढावी लागेल.

प्रश्नाचे तुकडे

ही काडी वेगळी काढली गेबिसा एजेटा आणि लॅरी बटलर या जोडीने. एजेटा मूळचे इथिओपियाचे. त्यांचा जन्म १९५० सालचा, एका लहान खेड्यात, गवताने शाकारलेल्या एका खोलीच्या घरात. शाळा वीस किलोमीटरवर. रविवारी चालत जायचे, आठवडाभर तिथे राहायचे आणि शुक्रवारी चालत परत यायचे, असे त्यांचे शिक्षण झाले. पुढे त्यांनी अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली आणि इक्रिसॅटतर्फे सुदानमध्ये ज्वारीवर काम केले. अवर्षणात टिकणारा त्यांचा ‘हागीन दुरा-१’ हा संकरित वाण १९८३ साली सुदानमध्ये प्रसारित झाला. सुदानच्या रानात स्ट्रायगाने उजाड केलेली शेते त्यांनी जवळून पाहिली होती. १९८४ साली ते पर्ड्यूत प्राध्यापक म्हणून परतले. बटलर हे तिथलेच जीवरसायनशास्त्रज्ञ.

एक पीक पैदासकार आणि एक रसायनशास्त्रज्ञ एकत्र बसले, तेव्हा त्यांनी मोठा प्रश्न बाजूला ठेवला. ‘प्रतिकारक ज्वारी कोणती?’ असे न विचारता त्यांनी टारफुल्याच्या आयुष्याच्या पायऱ्या मांडल्या. बी उगवणे, शोषकांग तयार होणे, मुळात शिरणे, जलवाहिन्यांशी जोडले जाणे, वाढणे. मग विचारले, ‘यातली एकच पायरी प्रयोगशाळेत, रानाशिवाय, रोपारोपात मोजता येईल का?’

त्यासाठी त्यांनी जी चाचणी बसवली ती शाळेतल्या प्रयोगाइतकी साधी आहे. समुद्री शेवाळापासून मिळणारी अगार नावाची पारदर्शक जेली काचेच्या पसरट बशीत ओतायची. तीत आधी काही दिवस ओलीत ठेवून तयार केलेले टारफुल्याचे बी मिसळायचे. बशीच्या कडेला ज्वारीचा नुकताच मोड आलेला एक दाणा असा ठेवायचा, की त्याचे मूळ जेलीतून आडवे वाढेल. तीन दिवसांनी बशी सूक्ष्मदर्शकाखाली धरायची आणि मुळापासून सर्वांत दूर उगवलेले बी शोधून ते अंतर मोजायचे. अंतर दहा मिलिमीटरहून अधिक भरले तर त्या ज्वारीची हाक मोठी, त्याहून कमी भरले तर बारीक. १९९२ साली ही पद्धत प्रसिद्ध झाली.

बशीतल्या सगळ्या बिया सारख्या विखुरलेल्या असल्याने रानाचा बेभरवसा संपला. हंगामाची वाट पाहायला नको. एकेका रोपाची परीक्षा होऊ लागली, आणि परीक्षेनंतर तेच रोप कुंडीत लावून त्याचे बी धरता येऊ लागले. पैदासकाराला आणखी काय हवे?

ही परीक्षा ‘एसआरएन-३९’ नावाच्या प्रतिकारक ज्वारीवर केली, तेव्हा तिची हाक फार बारीक निघाली. मोठी हाक देणाऱ्या वाणांशी तिचा संकर केला. पहिल्या पिढीतली सगळी रोपे मोठी हाक देणारी. त्यांच्या स्वपरागणातून आलेल्या दुसऱ्या पिढीत मात्र तीन मोठ्या हाकेची, तर एक बारीक हाकेचे, असे प्रमाण आले. शिक्षकमित्रांच्या ओठांवर आता मेंडेलचे नाव आले असेल! हे वाटाण्याच्या उंच-बुटक्या रोपांचेच प्रमाण. म्हणजे बारीक हाकेचा गुण एकाच अप्रभावी जनुकावर ठरतो. हा निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाला. ज्या गुणाला रानात पन्नास-साठ वर्षे आकार येत नव्हता, तो बशीत आल्यावर पहिल्या धड्यातल्या नियमाप्रमाणे वागला. गुण पूर्वीही साधाच होता, पण रानात तो इतर गुणांच्या गर्दीत हरवत होता.

या चाचणीच्या आधाराने हा गुण अधिक उत्पन्नाच्या, खाण्याला चांगल्या ज्वारीत आणला गेला. १९९४ साली अशा आठ वाणांचे आठ टन बी आफ्रिकेतील बारा देशांना पाठवण्यात आले. इथिओपियात ‘गुबिये’ आणि ‘अबशीर’ या नावांनी दोन वाण प्रसारित झाले. तिथे केवळ बी देऊन न थांबता, सरीत पाणी अडवणे आणि थोडे खत देणे यांची जोडही दिली गेली. २००९ साली एजेटा यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

मूळ हाक देतेच कशाला?

आता एक प्रश्न चौकस विद्यार्थी विचारल्याशिवाय राहणार नाही. शत्रूला बोलावणारे द्रव्य ज्वारी सोडतेच कशाला? निसर्गात असा वेडेपणा टिकला कसा?

स्ट्रायगॉल सापडल्यावर जवळजवळ चाळीस वर्षे याचे उत्तर नव्हते. २००५ साली आकियामा आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी दाखवले, की स्ट्रायगॉलच्या कुळातली ही द्रव्ये मातीतल्या एका उपयुक्त बुरशीला उद्देशून आहेत. ही बुरशी मुळांशी सोयरीक करून त्यांना मातीतले स्फुरद आणून देते. द्रव्याची चाहूल लागताच तिच्या तंतूंना फांद्या फुटतात. स्फुरद कमी पडले की मूळ जास्त जोराने हाक मारते. हाक होती मित्राला, ती चोरून ऐकायला शिकला टारफुला. निकस जमिनीत टारफुला अधिक माजतो आणि खत दिल्यावर कमी होतो, या शेतकऱ्यांच्या जुन्या अनुभवाचा एक धागा इथे जुळतो.

२००८ साली आणखी एक उलगडा झाला. हीच द्रव्ये वनस्पतीच्या आत संप्रेरकाचे काम करतात, फांद्या किती फुटाव्यात यावर लगाम ठेवतात. म्हणजे ज्वारीची हाक सरसकट बंद करून टाकणे परवडण्यासारखे नाही.

मग एसआरएन-३९ ने काय साधले होते? ते २०१७ साली कळले. बारीक हाकेला कारण असलेले जनुक सापडले. त्या जनुकाचे काम बंद पडलेल्या ज्वारीत मूळ मुके होत नाही, तर हाकेचा सूर बदलतो. नेहमीच्या द्रव्याऐवजी ती त्याचाच भाऊबंद असलेले ओरोबँकॉल मुख्यत्वे सोडते. दोन्ही रेणूंतील काही भागांची मांडणी उजव्या आणि डाव्या हातासारखी उलट असते. उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात बसत नाही, तसा टारफुल्याच्या बियाला हा रेणू नीट बसत नाही. एजेटा आणि बटलर यांनी बशीत मोजली होती ती ‘बारीक’ हाक खरे तर परक्या सुरातली हाक होती.

याच्यापुढची गोष्ट सावध करणारी आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आफ्रिकेतील शेतकऱ्यांनी जपलेल्या जुन्या ज्वाऱ्यांची तपासणी झाली. बंद पडलेले हे जनुक टारफुल्याच्या प्रदेशातल्या ज्वाऱ्यांत अधिक आढळले. प्रयोगशाळेला सापडण्याच्या कितीतरी आधी शेतकऱ्यांची निवड आणि निसर्ग यांनी ते उचलले होते. पण तिथेही ते सर्वत्र पसरलेले नाही. या बदलाची रोपाला काही किंमत मोजावी लागत असावी, असे त्याच अभ्यासातून सूचित होते. शिवाय एकाच जनुकावर भिस्त ठेवली, तर विविधतेने भरलेली स्ट्रायगा उद्या नवा सूरही ओळखायला शिकेल. म्हणून आता सूर बदललेली हाक आणि एन-१३ च्या जाड भिंती, असे दोन-तीन अडसर एकाच वाणात आणण्याचे काम चालते. मक्यात रानटी भाऊबंदांकडून प्रतिकार आणण्याचे प्रयत्न झाले आहेत. बाजरीत मात्र पेरल्या जाणाऱ्या वाणांत भक्कम प्रतिकार सापडणे अवघड गेले आहे. आफ्रिकेत आजही कोट्यवधी हेक्टर जमीन या तणाखाली आहे. काम संपलेले नाही.

वर्गासाठी

टारफुल्याचे बी मात्र कृपा करून शाळेत आणू नका. धुळीएवढे बी कपड्याला चिकटून स्वच्छ रानात गेले, तर ते रान अनेक वर्षांसाठी नासेल. रान पाहून परतताना चपला आणि कपडे झटकायची सवय मुलांना लावा.

याऐवजी एक करता येईल. पावसाळ्यात शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात काड्या आणि सुतळीने एक मीटर लांबी-रुंदीचे सोळा चौकोन आखा. प्रत्येक चौकोनातली गाजरगवताची किंवा दुसऱ्या एखाद्या तणाची रोपे मुलांकडून मोजून घ्या. त्वचेला त्रास होऊ नये म्हणून गाजरगवताला हात लावू देऊ नका. एका चौकोनात तीस रोपे, तर शेजारच्यात दोन, असे काहीसे निघेल. मग त्यांना सांगा, की यातल्या आठ चौकोनांत ‘अ’ वाण आणि आठांत ‘ब’ वाण पेरला होता असे समजा; आता कोणता वाण चांगला ते ठरवा. मुले भांडू लागतील, आणि सॉन्डर्स, कुमार व डॉगेट यांना कशाशी झुंजावे लागले ते त्यांना न शिकवता कळेल. मग बुद्धिबळाच्या पटाची युक्ती त्यांनाच सुचते का, याची थोडी वाट पाहावी. सुचली नाही, तर काचेच्या बशीची गोष्ट सांगावी.